देवमनरावांचं मोठं चाक

वलगावच्या सहकारी जिनिंग फॅक्टरीच्या इंजिनाने अध्यक्षांची टोपी गिळली, ही गोष्ट कागदोपत्री कधी घडलीच नाही. प्रत्यक्षात ती घडली तेव्हा सगळं संचालक मंडळ, दोन पाहुणे आणि तोंडात पेढा धरलेला हिशेबनीस एवढे साक्षीदार हजर होते. कापसाचा हंगाम आटोपल्याचा छोटासा समारंभ होता आणि अध्यक्ष खुशालराव पाहुण्यांना इंजिन दाखवत होते. त्या विलायती डिझेल इंजिनाच्या कुशीला शंखाच्या आकाराचं एक बिडाचं यंत्र होतं. इंजिनाचा धूर बाहेर पडता पडता त्यातलं एक चाक फिरवायचा, आणि त्याच दांड्यावर बसवलेलं दुसरं, पात्यापात्यांचं चाक बाहेरची हवा ओढून इंजिनाच्या पोटात कोंबायचं. हवा जास्त तितकी ताकद जास्त, असा सरळ हिशेब. पुस्तकात त्याला टर्बोचार्जर म्हणत. फॅक्टरीत सगळे शंख म्हणत. त्या दिवशी शंखाच्या तोंडावरची जाळी धुवायला काढली होती. "पाहा, कशी हवा ओढते," असं म्हणून खुशालराव वाकले आणि टोपी गेली. नुसती टोपी असती तर एक वेळ निभावलं असतं; पण तिच्यावर सहकार सप्ताहाचा पितळी बिल्ला टाचलेला होता. दळणात खडा यावा तसा आवाज झाला, आणि खुशालराव आपलं टक्कल चाचपत होते तोवर चाकाची निम्मी पाती उडाली.

आता अध्यक्षांच्या टोपीने चाक मोडलं, हे लिहायचं कोणी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला उंदीर तरी सभा घेतात. इथे सभेचे अध्यक्षच मांजर होते. शेवटी "चाकात मुळातच दोष असावा" असं अहवालात ठरलं, आणि मुळातल्या दोषाची जबाबदारी इंजिनाचे इन्चार्ज देवमनराव तेलगोटे यांच्यावर आपोआप येऊन पडली.

देवमनरावांबद्दल फार सांगायला नको. अमरावतीच्या फ्रेझरपुऱ्यात राहत, सायकलने वलगावला जात, आणि फुलपँटीला इस्त्री केल्याशिवाय इंजिनाला तोंड दाखवत नसत. त्यांच्या वडिलांनी दुसऱ्या एका जिनिंग फॅक्टरीत जन्मभर सरकीची पोती वाहिली होती. मुलगा त्याच धंद्यात 'साहेब' झाला याचं साऱ्या मोहल्ल्याला कौतुक होतं, आणि सगळ्यांत जास्त खुद्द देवमनरावांना. फक्त या साहेबपणात एक खोट होती. नेमणूक हंगामी होती. कापूस आला की तेलगोटे साहेब, कापूस सरला की नुसते देवमन. येत्या हंगामाच्या मुहूर्तालाच संचालकांची सभा होती, आणि खुशालरावांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं.

"तेलगोटे, मुहूर्ताले इंजिन चाललं तं तुमी कायम. नाई चाललं, तं माह्या साडूचा पोरगा नागपूरले डिप्लोमा घेऊन बसलाच हाये. मंग मले बोल लावू नका."

त्या दिवसापासून देवमनरावांच्या पायाला भिंगरी लागली. चहा अर्धा टाकून उठायचे. जेवताना वरणात बोटाने शंख काढायचे आणि पुसून पुन्हा काढायचे. एकदा तर सायकलवर विचार करता करता वलगाव मागे टाकून पार पुढच्या गावच्या पाणवठ्यावर पोचले, आणि तिथल्या बायांनी कोण पाहिजे म्हणून विचारलं तेव्हा त्यांना सांगता येईना.

नवं चाक विलायतेहून आणायचं तर परवाना लागणार होता. मुंबईच्या एका कचेरीकडे अर्ज गेला. त्यात मोडतोडीचं कारण विचारलं होतं. टोपी लिहिता येईना आणि खोटं लिहवेना, म्हणून देवमनरावांनी इंजिनाच्या पुस्तकातला शब्द वापरला: 'फॉरेन बॉडी आत गेल्यामुळे'. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं, की सदर फॉरेन वस्तू कोणत्या परवान्यावर देशात आणली त्याचा क्रमांक कळवावा. देवमनरावांनी कळवलं, की वस्तू फॉरेन नसून शुद्ध खादीची होती. कचेरीने तो अर्ज खादीचं काम बघणाऱ्या दुसऱ्या कचेरीकडे वर्ग केला, आणि त्या कचेरीने मात्र विलक्षण तत्परतेने चरख्याचं माहितीपत्रक पाठवलं. आपल्याकडे तत्परता नाही असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

"असं कर देवमन," समोरच्या घरातले नत्थुजी म्हणाले. नत्थुजी तहसिलीतून नाझर म्हणून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून अंगणात खाट टाकून सल्ले देत. विषयाची अट नव्हती. "तू अपील कर. अपिलाच्या वरतं अपील राहते, त्याच्या वरतं अजून एक राहते."

"अन् तेवढ्यात हंगाम निंगून जाईन नं, नत्थुजी."

"जाऊ दे नं. हंगाम काय, दरसाल येते. अपिलाची मुदत येत नाई."

अशा वेळी अकोल्याहून बुधाजी आले. बुधाजी म्हणजे देवमनरावांच्या बायकोचे, भागीरथाबाईंचे, थोरले भाऊ. अकोल्याच्या भंगारबाजारात कोणती वस्तू कुठे पडलीय हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि ती कशाची आहे हे मात्र क्वचितच माहीत असे. त्यांनी पिशवीतून जुन्या धोतरात गुंडाळलेली एक जड वस्तू काढून चौकीवर ठेवली. दुसऱ्या महायुद्धानंतर मिल्ट्रीने विकून टाकलेल्या सामानातलं, चकचकीत अॅल्युमिनियमचं पात्यांचं चाक होतं. देवमनरावांनी ते पोरीला पाहावं तसं उलटसुलट करून पाहिलं. एकही पातं तुटलेलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग त्यांनी माप घेतलं, आणि ते पाणी डोळ्यांतच थबकलं.

"बुधाजी, हे मोठं हाये. दोन सूत, पाव इंच मोठं हाये."

"मंग चांगलंच हाये नं जवाईबापू! लहान मांगितलं अन् मोठं भेटलं, याच्यात रडाले काय झालं?"

"शंखात जाईन कसं?"

"शंख कोरून घ्या. माह्या वळखीचा टर्नर हाये. ओमप्रकाश. अकोल्यात त्याच्या हाताचा मानूस नाई."

पुस्तकात लिहिलं होतं, की दुसऱ्या मापाचं चाक बसवू नये. पुस्तक असंच म्हणणार, असं देवमनरावांना वाटलं. पुस्तक लिहिणाऱ्याला कोणी हंगामी ठेवलेलं नव्हतं. आणि मोठं चाक म्हणजे जास्त हवा, जास्त हवा म्हणजे जास्त ताकद. विलायतेच्या साहेबाला जमलं नाही ते वलगावात होणार! मोडलेलं दुरुस्त करणारा आणि होतं त्याहून चांगलं करणारा, यात फरक असतो. कायम कोणाला करतात? दुसऱ्याला. नाकापेक्षा मोती जड ही म्हण त्या वेळी त्यांना आठवली नाही. म्हणी वेळेवर आठवल्या असत्या तर कोणाला अनुभव विकत घ्यावा लागला नसता.

शंख आणि चाक पोत्यात बांधून देवमनराव एस. टी. ने अकोल्याला निघाले आणि वाटेतल्या जकातनाक्यावर अडले. कारकुनाने पोतं सोडायला लावलं, चाक आणि शंख शेजारी ठेवले, आणि दराचं पुस्तक उघडलं.

"हे काय हाये?"

"टर्बोचार्जर."

"पुस्तकात नाई." कारकुनाने पान उलटलं. "चाकं, बैलगाडीची, हायेत. याले बैल लागते?"

"नाई."

"पंखे, विजेचे. वीज लागते?"

"नाई. धुरानं फिरते."

कारकुनाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. फुलपँटीची इस्त्री पाहिली. "धुरानं," तो म्हणाला, आणि शेजारच्या कारकुनालाही सांगितलं, "धुरानं फिरते म्हने." मग दोघांनी मिळून पुष्कळ विचार केला आणि पावती फाडली. पावतीवर लिहिलं होतं: 'खेळणे, मोठे, नग एक.' देवमनरावांच्या मनाला ते फार लागलं. अकोल्यापर्यंत ते खिडकीबाहेर पाहत, मांडीवरच्या पोत्यावर बोटं वाजवत बसून राहिले, आणि मूर्तिजापूरला सगळे चहाला उतरले तेव्हा ते एकटेच उतरले नाहीत.

ओमप्रकाशचं दुकान उसाच्या चरकांचं होतं. चरकाचे रूळ, गाड्यांचे आस, कडबा कापायच्या यंत्रांची पाती, झालंच तर एका देवळाचा कळस, असं सगळं त्याच्या लेथवर गोल होऊन गेलं होतं. त्याने शंख डोळ्यांसमोर धरून आत फुंकर मारली.

"हो जाएगा, साहब. लेथ पे चढा तो सब गोल हो जाता है."

"माप नीट ठेवजो बावा. चाक अन् त्याचं घर याच्यात केसाइतकीच फट पायजे."

"किसका केस?" ओमप्रकाशने विचारलं. त्याचे स्वतःचे केस जाड आणि राठ होते. देवमनरावांनी नकाशा पुढे केला. त्यांनी तो शाईने काढला होता, बाण, रेघा आणि खाली झोकदार सही. ओमप्रकाशने तो मनापासून वाखाणला आणि त्यावर तेलाचा डबा ठेवला.

लेथ फिरला, बिडाचा काळा भुगा उडाला, आणि शंख कोरून झाला. चाक आत सोडलं तर ते गाडग्यात चिंचोका खुळखुळावा तसं खुळखुळलं. चरकाच्या रुळाला थोडी गुंजाइश ठेवायची, नाहीतर उन्हाळ्यात तो अडकतो, ही ओमप्रकाशची जन्माची सवय होती. तिने त्याच्याही नकळत तिथे आपलं काम केलं होतं. देवमनरावांनी चाक बाहेर काढलं आणि पुन्हा आत सोडून पाहिलं.

"घाबरते कायले?" बुधाजी म्हणाले. "आतून एक पितळेचं कडं बसवू. घर पुन्हा लहान होऊन जाईन."

पितळ आणायला गेले तर बाजारात पितळ नाही. चीनच्या लढाईनंतर तांब्यापितळेवर बंधनं आली होती आणि पितळेलाही परवानाच हवा होता. परवाना हा शब्द ऐकताच देवमनरावांनी एस. टी. स्टँडची वाट धरली. बुधाजी मात्र शांत होते. त्यांनी एक तोडगा सुचवला, आणि देवमनराव एवढे गांजलेले होते, की त्यांना तो पटला.

भागीरथाबाईंच्या लग्नात बुधाजींनीच बहिणीला पितळेचा मोठा गुंड, म्हणजे पाण्याची घागर, दिला होता. त्या गुंडाने घरात पाणी भरलं जाई, आणि चिंचेने घासून तो असा लखलखीत ठेवलेला असे, की देवमनराव त्यात पाहून दाढी करत.

"माहा गुंड?" भागीरथाबाई म्हणाल्या. "तुमच्या त्या शंखात?"

"परत आनून देईन म्या. दुसरा. मोठा."

"मोठ्याचं नाव काढू नका. मोठ्यानंच हे सारं झालं." मग त्या भावाकडे वळल्या. "अन् तुले लाज नाई वाटत, दादा? देलेली वस्तू वापस मांगून राह्यला?"

"मी कायले मांगतो? इंजिन मांगून राह्यलं," बुधाजी म्हणाले.

भागीरथाबाईंनी गुंडातलं पाणी माठात ओतलं. नवऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या त्यांनी गेले कित्येक महिने पाहिल्या होत्या. "घ्या," त्या म्हणाल्या. "पन तुमी कायम नाई झाले, तं मी त्या खुशालरावाच्या घरून पानी आनीन. त्याच्या गुंडात." देवमनरावांना बायकोचा एवढा अभिमान वाटला, की ते उगाच गुंडाचं वजन करत बसले.

ओताऱ्याने गुंड वितळवला, ओमप्रकाशने कडं बनवून आत ठोकलं, आणि चाक बसलं. या वेळी ते इतकं अंगासरसं बसलं, की कागदसुद्धा आत जाईना. ओमप्रकाश खूश, बुधाजी खूश. धातू तापला की फुगतो हे देवमनरावांना चांगलं माहीत होतं; परीक्षेत त्यांनी त्यावर अर्धं पान लिहिलं होतं. पण खुळखुळ ऐकून झालेल्या माणसाला घट्टपणा इतका गोड लागतो, की परीक्षेतलं आठवत नाही.

राहता राहिला चाकाचा समतोल. एक बाजू जड असली तर फिरताना ते थरथरणार. "समतोल?" नत्थुजी खाटेवरून म्हणाले. "सराफ्यात जा. सोनारापेक्षा बारीक तोल कोनाचा?" तेही पटलं. मोतीराम सोनाराने चाक सळईवर अडकवून, जी बाजू खाली येई ती कानशीने हलकेच घासली, आणि घासताना खाली कापड अंथरून भुगा गोळा केला.

"मोतीराम, हे अॅल्युमिनियम हाये," देवमनराव म्हणाले.

"असू द्या. हाताले सवय हाये," सोनार म्हणाला आणि कापडाची पुरचुंडी गल्ल्यात ठेवली.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी सकाळी संचालकांपुढे चाचणी झाली. इंजिन सुरू झालं, शंखातून बारीक शीळ निघाली आणि चढत गेली. इंजिनात खरोखरच जोर जास्त दिसत होता. खुशालराव टोपी हातात धरून लांब उभे होते; तेही दोन पावलं पुढे आले. आणि तेवढ्यात शंख शिंकला.

दुसरा शब्दच नाही. हुप् करून त्याने ओढलेली हवा उलटी बाहेर फेकली, हिशेबनिसाचे कागद उडाले, आणि पुन्हा शीळ सुरू झाली. थोड्या वेळाने पुन्हा शिंक.

"हे तं शिंकून राह्यलं!" खुशालराव म्हणाले. "ऐन कामाच्या तोंडावर शिंक! तेलगोटे, माही आयका. नारळ फोडा, अन् मुहूर्त आठ दिवस पुढं ढकला. सभा बी पुढं ढकलू. मले काई घाई नाई."

पाहा, दैव कधी कधी माणसाच्या दारात पायघड्या घालून उभं राहतं. आठ दिवस मिळत होते. तेही अध्यक्षांच्या तोंडून, सभेसकट. शिंक का येते हे शांतपणे शोधता आलं असतं. चाक मोठं, ओढतं पुष्कळ, आणि इंजिनाची तहान तेवढीच. उरलेली हवा जाणार कुठे? ती मागे फिरत होती. पुढे देवमनरावांनी ते पुस्तकात वाचलं. पण त्या क्षणी त्यांना पुस्तक दिसत नव्हतं. त्यांना फक्त नारळ दिसत होता. छप्पन्न साली त्यांनी नागपूरच्या मैदानावर उभं राहून दीक्षा घेतली होती, आणि त्या दिवसापासून शकुन, अपशकुन, मुहूर्त, मांजर, शिंक हे सगळं घराबाहेर काढलं होतं. मोहल्ल्यात कोणी शिंकेपायी थांबलं तर ते त्याला हाताला धरून दाराबाहेर नेऊन सोडत. आणि आज चार माणसांसमोर त्यांनी शिंकेला भ्यायचं?

"अध्यक्षसाहेब," ते ताठ होऊन म्हणाले, "शिंकंले मी मानत नाई. मानसाच्या नाई अन् इंजिनाच्या बी नाई. उद्या इंजिन चालेल."

तत्त्व सोळा आणे खरं होतं. फक्त ते चुकीच्या जागी लावलं होतं.

घरी येऊन त्यांनी हा किस्सा मोठ्या तोऱ्यात सांगितला. भागीरथाबाई भाकरी थापत होत्या.

"मी बी शकुन मानत नाई," त्या म्हणाल्या. "पन पोरगं शिंकलं तं काढा तं देतो नं आपुन? शिंक म्हंजे अपशकुन नाई, सर्दी राह्यते."

देवमनरावांनी ताट पुढे सरकवलं. मग ते म्हणाले, "तुले नाई समजत त्यातलं," आणि हे वाक्य ज्या आवाजात म्हणायला हवं तो आवाज त्यांना काही केल्या लागला नाही.

मुहूर्ताला फॅक्टरीच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्या लागल्या. संचालक आले, बुधाजी अकोल्याहून आले, नत्थुजींना रिक्षात घालून आणलं, आणि खुशालरावांच्या साडूचा मुलगाही आला होता, नव्या बुशशर्टात, खिशाला दोन पेनं लावून. देवमनरावांनी इंजिन सुरू केलं. शीळ चढली. पट्टे फिरले, जिनांनी, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांनी, कापूस धरला, पांढरीशुभ्र रुई खाली पडू लागली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शंख अधूनमधून शिंकत होता. देवमनराव प्रत्येक शिंकेला दुसरीकडे बघत होते.

मग त्यांना एक वेगळा आवाज ऐकू आला. बारीक, खर्र असा. बाकी कोणाला तो ऐकू आला नसता. तापून फुगलेलं चाक गुंडाच्या पितळेला घासत होतं. आता थांबवावं तर गाड्या खोळंबणार, सभा संध्याकाळी, बुशशर्ट दारात उभा. संध्याकाळपर्यंत टिकेल, त्यांच्या मनाने सांगितलं. सभा होऊन जाऊ दे, कायम होऊन जाऊ दे, मग थांबवू. खरं सांगायचं तर हे त्यांना वाटलं. चांगलं दोन श्वास वाटलं.

"वाढवा, वाढवा जोर!" खुशालराव शंखाजवळ येऊन ओरडले. "तेलगोटे, अजून वाढवा!"

देवमनरावांनी खुशालरावांचा चेहरा पाहिला. लहान मुलासारखा हरखलेला होता तो. त्यांच्या मागे बुधाजी, नत्थुजी, हिशेबनीस, सगळे त्या शंखाच्या तोंडासमोर कोंडाळं करून उभे होते.

"सरका!" देवमनराव ओरडले. "मांगं सरका सारे!" खुशालरावांनी "कावून?" म्हणेपर्यंत देवमनरावांनी त्यांना दोन्ही हातांनी असं ढकललं, की अध्यक्ष रुईच्या ढिगात कमरेपर्यंत बुडाले. मग झेप घेऊन त्यांनी डिझेल बंद केलं. इंजिन मंदावलं, पण चाकाला ते कळायला उशीर झाला. कडाड् आवाज झाला, शंखाची पातळ झालेली भिंत फुटली, चाकाच्या चिंधड्या भिंतीत घुसल्या, आणि भागीरथाबाईंचं पितळ टिनाच्या छपराला भोक पाडून अस्मानात निघून गेलं. कोणाला साधं खरचटलंही नाही. माणसं मोजली तेव्हा फक्त डिप्लोमा सापडेना; तो फाटकाबाहेर, गाड्यांच्याही पलीकडे, बाभळीला धरून उभा होता.

देवमनराव मोडक्या शंखासमोर उभे होते आणि त्यांना मनापासून लाज वाटत होती. एका गाडीवाल्याने फाटकातून हाक मारली, "का हो, कापूस घरी न्या लागते काय आता?" त्या हाकेने त्यांना भान आलं. त्यांनी बाह्या वर केल्या, इस्त्रीच्या पँटीनिशी तेलात गुडघे टेकले, आणि शंखाचे बोल्ट सोडायला सुरुवात केली. शंख काढून बाजूला टाकला. धुराचा नळ सरळ धुराड्याला जोडला, हवेच्या तोंडावर मच्छरदाणीचं कापड दुहेरी करून बांधलं, आणि इंजिन पुन्हा फिरवलं.

ते सुरू झालं. थोडं काळं ओकलं, जरा कण्हलं, आणि मग धक् धक् करत शहाण्यासारखं चालू लागलं. दोन जिनं बंद ठेवावी लागली, एवढंच. दिवस मावळायच्या आत फाटकासमोरच्या गाड्या रिकाम्या झाल्या. म्हणजे उन्हाळ्यापासूनची धावपळ, मुंबई, अकोला, जकात, सोनार, गुंड, यातलं काहीही केलं नसतं तरी चाललं असतं. देवमनरावांच्या हे ध्यानात आलं. ते त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण बुधाजींच्याही ध्यानात आल्याचं त्यांना दिसलं, कारण बुधाजी एकदम घाईने शेवटच्या एस. टी. ची चौकशी करू लागले.

सभा चालू असताना देवमनराव ओसरीत येरझारा घालत होते. आतून आवाज येत होते. "अध्यक्षांले ढकललं!" "ढकललं म्हनून तं अध्यक्ष हायेत!" साडूच्या मुलाला बोलावून विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं, की आपलं शिक्षण मुख्यतः कागदावरच्या इंजिनांचं झालेलं आहे आणि आपल्याला नागपूरची हवाच मानवते. मग बराच वेळ कुजबुज झाली. शेवटी देवमनरावांना आत बोलावलं. खुशालरावांच्या कानात अजून रुई होती. हिशेबनिसाने ठराव वाचला.

"श्री. देवमन तेलगोटे यांनी प्रसंगावधान राखून मंडळाचे प्राण वाचविले, सबब त्यांना इंजिन सुपरवायझर या जागी कायम करण्यात येत आहे." देवमनरावांनी तेलाचे हात पाठीमागे घेतले. त्यांना वडील आठवले. हिशेबनिसाने पान उलटलं. "तसेच, मंडळाचे प्राण पुढेही वाचावेत म्हणून, सदर सुपरवायझर यांनी यापुढे इंजिनास हात लावू नये."

बाहेर कोणीतरी गाडीचे बैल जुंपत होतं. "मंग मी करू काय?" देवमनरावांनी विचारलं.

"बसा," खुशालराव अगदी मायेने म्हणाले. "साहेब लोकं काय करतेत? बसतेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रेझरपुऱ्यातून हार घालून निघालेले देवमनराव इंजिनघरात पोचले, तेव्हा त्यांच्यासाठी हातांची, वेताची, नवी कोरी खुर्ची मांडलेली होती. इंजिनापासून चांगली लांब. इंजिन चालवणारे पुंजाजी उठून उभे राहिले आणि त्यांनी सलाम केला. देवमनराव बसले. कायम झाल्याचा आनंद त्यांना खराच झाला होता, सकाळपासून पुन्हा पुन्हा होत होता. इंजिन धक् धक् करत होतं. थोड्या वेळाने तिसऱ्या सिलिंडरातून टिक् असा आवाज आला. मग पुन्हा. काही नाही, झडप केसभर सैल झाली असावी. पान्याचा एक वेढा दिला की संपलं. पुंजाजींना काही ऐकू येत नव्हतं. देवमनराव उठले, बसले, पुन्हा उठले.

खुशालराव दारातून डोकावले. "कावून, तेलगोटे साहेब? ठीक हाये नं सारं?"

"ठीक हाये," देवमनराव म्हणाले, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून खुर्चीत बसून राहिले.